दगड बद्द वाजला

आधीच सांगतो, अंगात येणं, करणी, भुताखेतं... यातलं मी काही मानत नाही. सिद्धगडच्या जंगलात एकटा राहिलोय, कधी काही दिसलं नाही. हे वाचून हसलात तरी चालेल, मीही हसलो असतो.

किन्हवलीत आमची दगडकामाची शेड आहे. गेल्या वर्षी शहापूरच्या एका नव्या ऑफिस बिल्डिंगसाठी मोठं काम मिळालं – काळ्या दगडात भाताची आवणी करणाऱ्या बाया, मागे सिद्धगड. कोरायला मी, घासून पॉलिश करायला माझी बायको रंजना.

भिंतीवर चढवण्याआधी दगड वाजवून बघायचा, ही आमची रीत. टेम्पोच्या हादऱ्यांनी आत तडा गेला तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतो. धड दगड खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द.

शहापूरच्या साइटवर भरदुपार होती. चेनपुलीला टांगलेला दगड रंजनाच्या डोक्यावर, मी शिडीवर. ती खाली उभी राहून ओल्या फडक्याने खालची कड पुसत होती. मी हातोडी मारली... बद्द.

सगळी मेहनत मातीत. "रंजना, बाजूला हो." ती सरकली. पुन्हा मारली – खणखणीत.

"काय झाला ओ?" म्हणत ती परत खाली आली. मारली. बद्द.

ती बाजूला, खणखणीत. ती खाली, बद्द. हातोडी तीच, दगडावरची जागाही तीच.

"चढवा की लवकर, टाइम जातोय," बिल्डिंगचा सुपरवायझर वैतागला.

रंजना हसायला लागली. "माझी नजर लागली का काय दगडाला? येवढी कड पुसते, मंग बसा वाजवत."

"बाजूला हो म्हटलं ना!" मी ओरडलो. तिच्यावर असा कधीच ओरडलो नव्हतो. ती रागाने दाराकडे गेली आणि चेनपुलीचा हूक सुटला. ती उभी होती तिथल्या फरशीचा चुरा झाला.

रंजना दारात, फडकं हातात.

तुम्ही म्हणाल, दोष हूकचा. मान्य. मग आवाज दगडाचा का बदलला? त्याला तडा नव्हताच. पडूनही फक्त एक कोपरा उडाला. आज तो त्याच भिंतीवर आहे, कधीही वाजवा, खणखणीत. मला याचं उत्तर सापडलेलं नाही.

हल्ली रंजना चहा घेऊन शेडमध्ये आली की मी हातोडी खाली ठेवतो.

"काम का थांबवलात?"

"दम खातो जरा," म्हणतो. ती जवळ असताना पुन्हा बद्द ऐकू आलं तर, याची मला भीती वाटते. ती घरात गेली की मगच मी हातोडी उचलतो.