सोमवारचा डबा

आमच्या ह्यांना आजारपणामुळे बोटीवरच्या नोकरीतून घरी पाठवलं, तेव्हा मी देवाशी भांडलेच. काविळीचा विषाणू रक्तात ठाण मांडून बसला होता. दापोलीचे डॉक्टर म्हणाले, "मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रक्तातला विषाणूचा डीएनए मोजतात. तो भरपूर निघाला तर यकृताचं काही खरं नाही. नमुना मात्र थंडगार पोचला पाहिजे." तपासणी नवीनच निघालेली, पुन्हा नंबर लागेल याची खात्री नव्हती. हे अंथरुणावर, म्हणून ह्यांच्या रक्ताच्या नळ्या थर्मासात बर्फात घालून मीच निघाले.

वार सोमवार, माझा उपास. गावच्या शंकराच्या पिंडीवरचं फूल थर्मासच्या पिशवीत घातलं होतं. एसटीत पिशवी पायाशी ठेवते तोच हर्णैची एक कोळीण माशांची पाटी घेऊन शेजारी टेकली. "अगं बाई, सरक की जरा! सोमवार आहे माझा!" मी फणकारले, आणि विटाळ नको म्हणून पिशवी उचलून वरच्या फळीवर ठेवली. खेडच्या अलीकडे गुरं आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि पिशवी धाडकन खाली आली. थर्मासची काच फुटली. नळ्या प्लॅस्टिकच्या म्हणून वाचल्या, पण बर्फ सगळा बसभर झाला. पायाशी ठेवली असती तर! माझंच सोवळं माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठलं होतं. मी चारचौघांत हमसून रडले.

"रडतेस कशाला गो बाय?" कोळणीने विचारलं. मी सांगितलं. तिने पाटीवरचं गोणपाट फाडलं, माझा साबुदाण्याचा डबा रिकामा केला, नळ्या आत ठेवून तिच्याजवळचा होता नव्हता तेवढा बर्फ दाबून भरला आणि डबा ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला.

"आणि तुझे मासे?"

"म्हावरा काय, उद्या परत गावंल. नवरा गावंल काय?"

खेडला ती उतरून गेली. मी नावसुद्धा विचारलं नाही.

नमुना थंडच पोचला. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी अहवाल वाचला: विषाणूचा डीएनए मोजण्याइतका सापडला नाही. आजार गेलेला नाही, जपावं लागेल, पण यकृत सध्या शाबूत आहे. हे ऐकून मी खुर्चीतच हात जोडले. देवाला माझ्या सोवळ्याची गरज नव्हती, मलाच त्याची ऐट होती. ती त्याने त्या बाईच्या हातून उतरवली. सोमवार मी अजून करते. पिशवीतलं ते फूल घरी आलं तेव्हा त्याला माशांचा वास येत होता. मी ते तसंच देव्हाऱ्यात ठेवलं.