चार नंबरात कोण उतरलं होतं?

जेवण अंगावर आलंय. मिरजेतल्या आमच्याच जुन्या लॉजच्या चार नंबरच्या खोलीत मी दुपारची आडवी झालेय. चुलतभाऊ मकरंदनं लॉजचं आता ‘हेरिटेज’ गेस्टहाऊस केलंय. संध्याकाळी उद्घाटन. दर्शनी भिंतीवरच्या फलकासाठी लॉजचा इतिहास मीच लिहून दिलाय. डोळे मिटतात, पंख्याची घरघर लांब जाते, आणि पायाशी कुणीतरी चादर ओढतं.

“ऊठ कुंदे. धुवायच्यात.”

मथूआत्या! वडिलांची थोरली बहीण. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले.

“चार नंबरात कोण उतरलं होतं गं?”

“गवई,” मी म्हणते. “पहाटे रियाज करायचे.”

“कोण गवई? नाव सांग.”

मला नाव येत नाही. तो गवई मीच रचलाय. मकरंद म्हणाला होता, पाहुण्यांना असलं काही आवडतं.

आत्या दार ढकलते. बाहेर जिना नाही, इस्पितळाचा व्हरांडा आहे. बाकांवर आमच्या लॉजला उतरलेली माणसं बसलीत, पेशंटांचे नातेवाईक. आत्या पेजेचा डबा घेऊन झपाझप चालते. मी मागे धावते.

एका बाईपाशी ती थांबते. “ही चार नंबरातली. जतची. लेक आत होती हिची. अकरा दिवस मी दोघींचा डबा आणला. बाराव्या दिवशी हिला एकटीला एसटीत बसवून दिलं. ही कुठाय तुझ्या इतिहासात?”

“आत्या, लोक सुट्टीला येणार. त्यांना हे कसं सांगायचं?”

“बरं. आणि मी कुठाय?”

‘काकासाहेबांनी पाहुण्यांची जातीनं सरबराई केली,’ असं लिहिलंय मी. काका, मकरंदचे वडील, दिवसभर ओट्यावर पेपर वाचत बसायचे.

मग माझंही डोकं फिरतं. “तू तरी कधी तोंड उघडलंस? जन्मभर राबलीस, आणि आता माझ्यावर ओरडतेस!”

व्हरांडा नाही. मागचं अंगण आहे, धुण्याचा दगड आहे. ती चादर दगडावर आपटते.

“तोंड नाही उघडलं? इथं रोज बोलत होते मी! एक दोन वेण्यांची पोरगी शेजारी बसून ऐकायची. मोठी झाले की सगळं लिहीन म्हणायची. कुठं मेली गं ती?”

ती माझं मनगट धरते. इतकं घट्ट, की मी किंचाळते.

पंखा फिरतोय. चार वाजलेत. उजव्या मनगटावर चार निळी बोटं उमटलीत. नीळ. आत्या चादरींना घालायची ती. आता इथलं धुणं बाहेर लाँड्रीत जातं, नीळ कुणाला ठाऊकही नाही. मी साबणानं खसाखसा घासते. जात नाही.

खाली मकरंद फलक पुसतोय.

“काढ तो,” मी म्हणते.

“वेड लागलंय का? दोन तासांत लोक येतील!”

“येऊ देत. मी सांगेन त्यांना. हे लॉज मथुरा दीक्षितनं चालवलं. इथं गवई नाही, आजाऱ्यांची माणसं उतरायची. आणि मी खोटं लिहिलं.”

तो माझ्या मनगटाकडे बघतो. “हे काय लागलंय?”

“आत्या,” मी म्हणते, आणि स्टूल ओढून नाण्यानं पहिला स्क्रू सैल करायला लागते.