डॉक्टरांच्या सुया आणि आईचे काटे

आईचं विसरणं वाढलं तेव्हा नागपूरच्या भावाने फोनवर फर्मान सोडलं, "चंद्रपूरले सुया टोचून इलाज करनारे डॉक्टर हायत, तिले घेऊन जा." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातं! आमच्या सावली गावाहून एसटीत तिला घेऊन बसायचं ते मी. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत ती शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगत राहायची, "ह्या बाई मले कुठी नेऊन राह्यल्या, मालूम नाई."

ह्या बाई म्हणजे मी, तिची पोटची पोर. दिवाळीपासून ती मला ओळखत नव्हती. गोठ्यातली गाय मात्र बरोबर ओळखायची. याचा मला भयंकर संताप यायचा.

डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी आधीच सांगितलं, "गेलेली आठवण सुईने परत येत नाही. चालू गोळ्या बंद करू नका. झोप लागली, चिडचिड कमी झाली, तर तेवढंच." चिडचिड तिची की माझी, ते विचारायचं राहिलं.

ते तिच्या पायाला सुया लावायचे आणि पाठ वळली की आई त्या उपटायची. तिच्या लेखी ते बाभळीचे काटे. जन्मभर धानाच्या बांधावर अनवाणी हिंडलेली बाई; बांगडीत अडकवलेल्या पिनेने तिने आम्हा सगळ्यांच्या पायातले काटे काढलेले. "कोनाच्या वावरात आनलं मले? किती काटे हायत इथी!" मी तिचे हात धरले, ओरडले, शेवटी रडकुंडीला आले.

डॉक्टर म्हणाले, "एक सुई तुम्हाला लावून दाखवतो. ते पाहून त्या शांत होतील." मी चरफडतच चप्पल काढली आणि तिच्या शेजारी बसले.

सुई लागली मात्र, आईने माझा पाय मांडीवर ओढला. सुई अलगद काढली, त्या जागी अंगठा दाबून धरला आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "किती खेपा सांगतलं, चप्पल घालून जात जा म्हनून? आयकतच नाई पोट्टी!"

पोट्टी! बाई नव्हे, पोर! मी हुंदके देऊन रडले. तिला वाटलं काटा खोल गेलाय. ती फुंकर घालत बसली.

परतीच्या एसटीत मी पुन्हा बाई झाले. भावाने फोनवर विचारलं, "काई फरक?" त्याला काय कपाळ सांगणार!

पुढच्या खेपेला डॉक्टर सुई घेऊन आईकडे वळले, तोवर मी चप्पल काढून बसले होते.

"आधी मला लावा," मी म्हणाले.