तिसऱ्या सिलिंडरची वायर

डेव्हिडकाका गेल्याचं मला रोह्यात फोनवर कळलं, त्याला आता महिना होईल. पण डोकं फिरलं ते पेणच्या शोकसभेत. वडखळचा तो मोठा वर्कशॉपवाला माइक धरून म्हणाला, "काका म्हणजे इंजिनाचे डॉक्टर!" आणि चक्क डोळे पुसले. अरे, लाज कशी वाटली नाही तुला?

काकांचं पत्र्याचं गॅरेज पेणला; तेव्हा मीही तिथलाच. कोकणातले ज्यू, मराठी माझ्यापेक्षा अस्सल. नातेवाईक सगळे इस्राएलला गेले, हे राहिले. शनिवारी हत्याराला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम, आणि माझ्या वडिलांची जुनी मोटार मिसिंग मारायला, म्हणजे मधेच ठोका चुकवत फटफटायला लागली ती नेमकी शनिवारी. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून माझ्या मुलीची पाठवणी करायची होती. काका पायरीवर बसून नुसता इंजिनाचा आवाज ऐकत राहिले...

"पक्कड घे नि एकेक प्लगची वायर काढ." पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरीलाही तसंच. तिसरी काढली, तर आवाजात काडीचा फरक नाही. "ह्योच मेलाय. प्लग नाय, वायर फुटली हाय. उद्या उजाडता ये, बदलतो."

मला धीर कुठला? गाडी वडखळला नेली. काकांचं निदान ऐकून त्या शहाण्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल. म्हातारा बहिरा झालाय." पाठवणी भाड्याच्या जीपमधून झाली. महिनाभर इंजिन खोलून पडलं, जोडलं, तरी फटफट तशीच! शेवटी मुकाट काकांकडे गेलो. त्यांनी भरदुपारी गॅरेजचं दार ओढून घेतलं, गाडी चालू केली आणि अंधारात तिसऱ्या वायरीतून लोखंडावर उडणारी निळी ठिणगी दाखवली. दहा मिनिटांत वायर बदलली. हात पुसले नि किल्ली माझ्या हातात ठेवली.

पण तोवर 'काका बहिरे झाले' हे पेणभर झालं होतं. गिऱ्हाईक तुटलं. पुढची वर्षं हा माणूस रोज गॅरेज उघडून रिकामा बसायचा. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. सभेत त्या वर्कशॉपवाल्याची कॉलर धरायला मी उठलोसुद्धा... आणि खाली बसलो. काकांना तो बहिरं म्हणाला होता ते फक्त माझ्यापाशी, त्याच्या केबिनमध्ये. पेणच्या नाक्यावर, चहा पिताना, चारचौघांत ते सांगत सुटलो तो मी.

काकांनी वायर बदलली त्या दिवशी गाडी त्याच नाक्यावरून घरी नेली. ओळखीची चार माणसं बाकड्यावर बसलेली होती. काकांचं खरं होतं, एवढंच सांगायचं होतं. मी हात हलवला आणि न थांबता पुढे गेलो.