एकोडीच्या पाळीवरचा रुपेरी वीर

आमच्या नागपूरच्या फोटोग्राफी मंडळाच्या प्रदर्शनाचा यंदाचा विषय होता ‘अस्पर्श प्राचीनता’. म्हणजे फोटोत जुना दगड हवा. माणूस, वायर, चिप्सचं पाकीट चालणार नाही. दरवर्षी पहिलं बक्षीस मला हुलकावणी देतं, पण यंदा मी निश्चिंत होते. मैत्रिणीच्या लग्नाला एकोडीला गेले होते, तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक वीरगळ पाहिली होती. शेवाळलेला, झिजलेला योद्धा, हातात तलवार. नेमकी तेव्हा मोबाइलची बॅटरी संपलेली. आता मैत्रिणीच्या बाबांना, श्रावणकाकांना फोन केला, “काका, तुमच्या वीराचा फोटो काढायला येतेय. मोठ्या प्रदर्शनात लागणार आहे.” इथेच माशी शिंकली, पण ते मला नंतर कळलं.

उमरेड, भिवापूर, पवनी, लाखांदूर, साकोली असा लांबचा रस्ता घेतला, कारण पवनीचा परकोटही पदरात पाडून घ्यायचा होता. दिवाळीनंतर जाणार असाल तर लवकर निघा. लाखांदूरच्या पुढे धानाच्या ट्रॅक्टरांमागून सरपटावं लागतं.

पवनीत परकोटाच्या दरवाज्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक होता आणि खाली मोटरसायकल. मालक शेजारच्या टपरीवर चहा पीत होता.

“दादा, गाडी जरा बाजूला घेता?”

“काहून? राहू द्या ना मॅडम. कालच आणली. चांगली दिसन.”

तो स्वतःही गाडीला टेकून उभा राहिला. मी त्याचा, गाडीचा आणि भाऊंचा फोटो काढला. दरवाजाही थोडा आला. टपरीवरची सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, मात्र झकास होती, दोन खा.

एकोडीला काकूंनी आधी लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊ घातले, मगच काका मला पाळीवर घेऊन गेले. ते पुढे, आणि त्यांची चाल एकदम ऐटीची.

वीर नखशिखांत रुपेरी होता. ऑइलपेंट. धोतर लाल, तलवार निळी. झिजून सपाट झालेल्या चेहऱ्यावर काळीभोर झुबकेदार मिशी, टोकं खाली वळलेली. मला खरोखर रडू यायचं बाकी राहिलं.

“काका, हे काय केलंत?”

“तू मोठ्या ठिकाणी लावतो म्हणली. मंग त्याले असाच मळका कसा पाठवाचा?”

“पण तो जुना होता तसाच किती छान होता.”

“छान कायचा? पाच वर्षं झाले, रंग नाही लागला त्याले. दर दिवाळीले दादा गेरू अन् चुना देत होता. दादा गेला, अन् मंग मले इकडे याची हिंमतच नाही झाली. तुया फोन आला, तवा डबा आणला. पावसानं जाणार नाही आता.”

म्हणजे माझी शेकडो वर्षांची अस्पर्श प्राचीनता पाच वर्षांची होती. आणि मी जिच्यावर भाळले होते, ती एका माणसाची न आवरलेली आठवण होती. मला माझीच लाज वाटली.

“आणि ही मिशी?”

काका तलावाकडे बघत राहिले. “निघाली आपसूक,” म्हणाले.

मी फोटो काढले. घरी आल्यावर कॅमेरा काकूंच्या हातात दिला. रुपेरी अंग बघून त्या खूप हसल्या. मग मी चेहरा मोठा करून दाखवला. त्यांचं हसू थांबलं, आणि मोकळ्या हाताने त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला.

“भासरे आहेत,” त्या हळूच म्हणाल्या. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ; त्यांच्यासमोर काकू कधी उघड्या डोक्याने वावरल्या नव्हत्या. काका उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

परतीला भंडाऱ्यावरून हायवेने आले. टोल पडतो, पण रस्ता सरळ आहे.

प्रदर्शनवाल्यांनी विचारलं, “रंग देण्याआधीचा फोटो नाही का?” नाही म्हटलं. पहिलं बक्षीस पवनीच्याच दरवाज्याला मिळालं. तो फोटो काढणाऱ्या सभासदाने भाऊंचा फलक कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता.

माझा वीर मी मोठा छापून, फ्रेम करून एकोडीला पाठवला. काकांनी तो ओसरीत लावलाय. काकूंची तेवढी तक्रार आहे, की आता घरात येता-जाता पुन्हा पदर घ्यावा लागतो.