कॅसेटमधले सर

भूतखेत, करणी, देवऋषी… यातलं काहीच मी आयुष्यात मानलं नाही, आजही मानत नाही. त्यामुळेच हे लिहायला एवढी वर्षं गेली. परवा नात ऑनलाइन लेक्चर लावून खुशाल झोपलेली पाहिली आणि मला रुक्मिणबाई आठवली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती शेवटची वर्षं. पूर्णा जंक्शनला एका शाळेच्या खोलीत दर रविवारी सकाळी मुक्त विद्यापीठाचा वर्ग भरायचा. शिकवायला मी — म्हणजे काय, तर टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला! धडे कॅसेटवर यायचे. कॅसेटमधले सर शेवटी प्रश्न विचारायचे, उत्तरासाठी थोडी जागा कोरी सोडायचे आणि मग स्वतःच उत्तर सांगायचे. त्या कोऱ्या जागेत आमचे विद्यार्थी, बहुतेक रेल्वेतले, जांभया देऊन घ्यायचे.

रुक्मिणबाई ही वर्गातली एकुलती एक बाई. पालमकडच्या खेड्यातून एसटीनं यायची, घरी मेंढरं. ती मात्र उठून उभी राहायची आणि टेपला खणखणीत उत्तर द्यायची. सगळे हसायचे. वर उत्तर झालं तरी बसायची नाही! गुरुजींनी बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, ही शाळेतली सवय.

"अहो ताई, बसा आता. ते यंत्र आहे," मी वैतागायचो.

"तुमी म्हणलात सर. त्यांनी कुठं म्हणलं?" असं म्हणून ती नाराजीनंच बसायची.

तिला एकच घोर होता. थोरला दीर तिच्या पोरीला शाळेतून काढून मेंढरांमागं धाडायचं म्हणत होता.

"म्या बी.ए. झाले की माझ्या शब्दाला किंमत येईल, सर. तवर पोरगी साळंत टिकली पायजे."

त्या हिवाळ्यात दंगे, बंद… एसटी कधी सुरू, कधी ठप्प. रुक्मिणबाई यायची थांबली. अशाच एका रविवारी मी समाजशास्त्राची कॅसेट लावली. आधीच्या वर्गाला कितीदा तरी ऐकवलेली. प्रश्न आला — "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?" यानंतर सर "बहुतेक घरांत कर्ता पुरुष" असं सांगतात, मला पाठच होतं.

त्या दिवशी सर बोललेच नाहीत. टेप फिरत होती, पण कोरी जागा संपेचना. सेल गेले की काय म्हणून मी हात पुढे केला, तेवढ्यात आवाज आला. तोच, सरांचा —

"बरोबर. बसा, ताई."

खोलीत एकही बाई नव्हती.

जांभई देणारा रेल्वेचा खलाशी ताठ झाला. "सर, हे कवा भरलं यात?"

मी कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. छोटीशी कोरी जागा, आणि मग नेहमीचं "बहुतेक घरांत कर्ता पुरुष…"

त्याच आठवड्यात रुक्मिणबाईचा नवरा आला. तिला ताप होता, दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही. त्याच रविवारी सकाळी ती गेली.

"थोरला भाऊ तिच्या उशाशीच बसून, उद्यापासून पोरगी मेंढरामागं जाईल, म्हणायलता," तो अडखळत सांगू लागला. "तर ही उठून हुबी राहिली, सर. अंगात जीव नव्हता. 'माझ्या घरात निर्णय म्या घेते. पोरगी शिकंल,' म्हणली. कुणाकडं बघून, न्हाई कळलं. मग तशीच हुबी. लय म्हणलं बस, बसंना. अन एकाएकी 'बसते, सर' म्हणली, अन बसली… पुन्हा उठली न्हाई."

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"पोरगी साळंत जायलीय. भाऊ कायच बोलला न्हाई नंतर," तो म्हणाला. जाताना दारात थांबला. "येक इचारू का, सर? तिचं उत्तर… बरोबर व्हतं का?"

"बरोबर म्हणाले सर," मी म्हणालो. तो पटक्याच्या टोकानं डोळे पुसत निघून गेला. मी मात्र तिथेच बसून रडलो.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्यातलं मला काही उलगडलेलं नाही, आणि आता उलगडेल असं वाटतही नाही. फक्त "ते यंत्र आहे" असं म्हणायला तेव्हापासून माझी जीभ रेटत नाही.