न फेकलेले कपडे

माझी एक गोष्ट आहे. ती मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. मुलगा म्हणून वाढवलेलं आपलं पोर खरं तर मुलगी आहे हे कळल्यावर वडिलांनी माझे कपडे देवासच्या भर रस्त्यावर फेकले आणि मला घराबाहेर काढलं. मग मी मुंबई गाठली, रॅम्पवर चालले, मासिकांत झळकले आणि माझ्यासारख्या मुलींच्या हक्कांसाठी बोलायला लागले. कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा, सगळं मला पाठ आहे. त्यातले कपडे मात्र कुणीच फेकले नव्हते.

फेकले गेले ते एका मैत्रिणीचे. मुंबईत आम्ही एका खोलीत राहायचो आणि तिच्या बापाने ते खरंच केलं होतं. माझ्या पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘घरच्यांनी हाकललं असेल ना?’’ मी होकारार्थी मान हलवली. ‘‘कसं?’’ म्हणत त्या पुढे सरसावल्या आणि मैत्रिणीचं दुःख माझ्या तोंडून बाहेर पडलं. माझे बाबा नुसते गप्प झाले होते. वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत, पण मी निघाले तेव्हा इंदूरच्या स्टेशनवर आले आणि माझी बॅग स्वतः उचलून डब्यात ठेवली. आता गप्प बसणाऱ्या बापाच्या गोष्टीला कोण टाळ्या वाजवणार?

बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून देवासला आले आणि तिथलेच झाले. निवृत्तीनंतर रोज सकाळी जुन्या सोबत्यांबरोबर टपरीवर उभं राहून पोहे-जलेबी खाणं, एवढीच त्यांची चैन. गेल्या थंडीत मी घरी गेले तर ते पोहे पुडीत बांधून आणायचे आणि स्वयंपाकघरात एकटेच बसून खायचे. मी आईला विचारलं.

‘‘अगं, तुझा तो कपड्यांच्या गोष्टीचा व्हिडिओ फिरला ना सगळीकडे,’’ आई म्हणाली. ‘‘टपरीवर एकाने चारचौघांत विचारलं, ‘क्यों भिया, बच्ची के कपड़े सड़क पे फेंक दिए थे क्या?’ हे तसेच घरी आले. गणपतीत आरतीचं ताट दरवर्षी यांच्याकडे असायचं, तेही यंदा दुसऱ्याच्या हातात दिलं.’’

‘‘मग खरं का नाही सांगितलं त्यांनी?’’

‘‘मी पण तेच म्हटलं. तर म्हणतात, पोरीला लोकांत खोटी कशी पाडू?’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी धारच्या एका कॉलेजात माझं भाषण होतं. तिथेच खरं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. भीती होतीच. आमच्यासारख्या मुलींचं सगळंच खोटं असतं म्हणणारे टपून बसलेले असतात, त्यांच्या हाती मी आयतं कोलीत देणार होते. तरीही सांगायचं.

‘‘मी पण येतो,’’ बाबा सकाळी म्हणाले. ‘‘धारला जाऊन खूप दिवस झाले.’’ ठेवणीतला शर्ट घालून ते गाडीत माझ्या शेजारी बसले. त्यांना आधी सांगायला हवं होतं. हजारो लोकांसमोर तोंड वाजवणारी मी वाटेभर एक वाक्य बोलू शकले नाही.

कॉलेजातल्या मॅडमनी माझी ओळख करून दिली, अर्थात कपड्यांसकट. मग त्या म्हणाल्या, ‘‘और आज इनके पिताजी भी हमारे बीच हैं!’’ मी उठून काही बोलेपर्यंत दोन मुलींनी बाबांना मंचावर आणलं होतं आणि त्यांच्या हातात माइक दिला होता.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. ‘‘मुझसे बहुत बड़ी गलती हुई थी,’’ ते म्हणाले. ‘‘मैंने बच्ची के कपड़े फेंके थे. आप लोग मत फेंकना.’’

सगळं सभागृह उभं राहिलं. मागच्या रांगेत एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. फोटोवाला पुढे आला. कॅमेरा दिसला की माझी हनुवटी आपोआप वर जाते, तशी ती गेली. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसले.

आता खरं बोलले असते तर बाबाच भरसभेत खोटे पडले असते. हे कारण त्या क्षणी मला केवढं सोयीचं वाटलं, ते आठवलं की स्वतःची किळस येते. मी डोळे टिपले आणि नेहमीचं भाषण केलं, थांबायच्या जागांसकट.

परतताना बाबा खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, ‘‘बरोबर बोललो ना मी? तू सांगतेस तसंच होतं ना?’’

‘‘हो बाबा,’’ मी म्हणाले. ‘‘अगदी तसंच बोललात.’’